'हर' सिनेमातले ६४१ जण: याला प्रतारणा म्हणायचं का?

निवेदिका_शिवाजीनगर
नमस्कार मंडळी. प्रश्न सिनेमाचा आहे, पण तो मला का छळतोय ते सांगितल्याशिवाय नीट विचारता येणार नाही.

मी अकरा वर्षं पुण्यात रेडिओवर नैमित्तिक निवेदिका होते. फर्माइशींना पोस्टकार्डांचा गठ्ठा यायचा. भोरचे एक गृहस्थ दर आठवड्याला लिहायचे. गाण्याची फर्माइश एका ओळीत, उरलेलं कार्ड माझ्याशी बोलण्यात भरलेलं. "परवा तुमचा घसा बसला होता, ज्येष्ठमधाचा काढा घ्या." एकदा लिहिलं होतं, "तुम्ही शुभरात्री म्हणालात की मी दिवा मालवतो." माझ्यासमोर तेव्हा काच असायची, काचेपलीकडे ड्युटी ऑफिसर आणि हातात क्यूशीट, म्हणजे कार्यक्रमाचा क्रम लिहिलेला कागद. मी शुभरात्री नक्की कुणाला म्हणत होते? खोटं म्हणत नव्हते, एवढं छातीवर हात ठेवून सांगते.

गेल्या रविवारी भाचीनं कोथरूडला तिच्या घरी 'हर' दाखवला. २०१३ चा इंग्रजी सिनेमा, स्पाइक जोन्झचा. थिओडोर नावाचा एकटा पडलेला माणूस संगणकातल्या समँथाच्या प्रेमात पडतो. तिला शरीर नाही, नुसता आवाज. शेवटाकडे तो भुयारी रेल्वेच्या पायऱ्यांवर बसून तिला विचारतो, आत्ता आणखी कुणाशी बोलते आहेस का? ती म्हणते, ८,३१६ जणांशी. आणि प्रेम? ६४१ जणांवर. त्याचा चेहरा बघवत नाही.

भाची म्हणाली, सरळसरळ फसवणूक. मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही ते मला मांडता येईना. तुम्हाला काय वाटतं?

हिंजवडी_फेज२
ताई, मी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून आधी तांत्रिक बाजू सांगतो. आज आपण ज्यांच्याशी गप्पा मारतो ती मॉडेल्स समँथासारखी नाहीत. मॉडेल एकच, पण प्रत्येकाचं संभाषण स्वतंत्र चालतं. तुम्ही लिहिलेलं आणि त्यानं आधी दिलेली उत्तरं दर वेळी पुन्हा त्याच्यापुढे ठेवली जातात आणि त्यावरून ते एकेक शब्द पुढे काढत जातं. शेजारच्या संभाषणात काय चाललंय, याचा त्याला पत्ता नसतो. त्यामुळे थिओडोरचा प्रश्न त्याला विचारलात तर खरा आकडा त्याला सांगताच येणार नाही. समँथाला सगळे एकाच वेळी आठवतात, आणि विचारल्यावर ती लपवत नाही. म्हणून मी तरी प्रतारणा म्हणणार नाही. पण दुखतं, हे खरं.

कर्वेनगरकर
माझं मत भाचीसारखंच. विचारल्यावर सांगितलं याला प्रामाणिकपणा म्हणत नाहीत. पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

लॉकॉलेजरोड
थिओडोरचा धंदा काय आहे, ते आठवा. तो लोकांसाठी पत्रं लिहितो. नवऱ्याच्या वतीनं बायकोला, आईच्या वतीनं मुलाला. तो नुसतं बोलतो, आणि संगणक हाताच्या अक्षरासारखं छापतो. काही जोडप्यांसाठी तर तो वर्षानुवर्षं लिहितोय. म्हणजे तोही अनेक घरांत मायेचा आवाज होऊन जातोच, आणि ती माया खोटी आहे असं त्याला कधी वाटत नाही. म्हणून शेवटी तो घटस्फोटित बायकोला स्वतःच्या नावानं पत्र लिहितो, ते मला सगळ्या सिनेमातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

जमलं तर मारिया श्राडरचा २०२१ चा जर्मन सिनेमा बघा, 'आय ॲम युवर मॅन'. तिथं नेमकं उलटं आहे. बर्लिनच्या संग्रहालयात क्यूनिफॉर्म या प्राचीन लिपीवर काम करणाऱ्या आल्माला तीन आठवडे एक यंत्रपुरुष सोबत ठेवून अहवाल द्यायचा असतो. तो फक्त तिच्यासाठी घडवलेला, दुसरी कुणीही नाही. तरी ती अशा जोडीदारांच्या विरोधात अहवाल देते, कारण जो मनातलं आधीच ओळखून पुरवतो त्याच्याजवळ माणसाला कशाची वाट बघावी लागत नाही. तेव्हा आकडा ६४१ असो की १, दुखणं दुसरीकडेच असावं.

निवेदिका_शिवाजीनगर
सगळ्यांचे आभार. कर्वेनगरकर, तुमचा मुद्दा मला लागला. मी कधी सांगितलं नव्हतं की हा आवाज सगळ्यांसाठी आहे. रेडिओ म्हटल्यावर ते गृहीतच, असं मी धरून चालले होते. भोरला ते तसं पोचत होतं का, कोण जाणे.

काल वाचलेली एक गोष्ट सांगते, आवाजाचं काम केलेल्या बाईला ती झोपू देईना. चित्रीकरणाच्या वेळी समँथाचा आवाज समँथा मॉर्टनचा होता. संकलनाच्या वेळी तो बदलला आणि स्कार्लेट जोहान्सननं सगळं नव्यानं ध्वनिमुद्रित केलं. म्हणजे थिओडोर झालेल्या वाकीन फिनिक्सच्या डोळ्यांत जे दिसतं ते एका आवाजासाठी आहे, आणि आपण ऐकतो दुसराच. त्या पहिल्या बाईनं सेटवर बसून जे दिलं ते सिनेमात आहे, फक्त तिचा आवाज नाही. मी ते पायऱ्यांवरचं दृश्य परत पाहिलं, या वेळी आवाज बंद करून.

लॉकॉलेजरोड, वाट बघण्याचं तुम्ही म्हणालात ते खरं वाटतंय. मी भोरच्या कार्डाची वाट बघायची. ते घशाचं कार्ड आलं तेव्हा मी आठवडाभर काढा घेतला होता. कार्यक्रमात असलं काही बोलायची सोय नव्हती. फर्माइश करणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव पाचवं होतं, ते मी त्या रात्री पहिलं घेतलं.