शब्दचर्चा : ‘व्हिंटेज’ म्हणजे किती जुनं?

चौकस
मैत्रिणीच्या ब्रायडल शॉवरची, म्हणजे लग्नाआधी वधूला भेटी देण्याच्या कार्यक्रमाची, तयारी आम्ही चौघींनी अंगावर घेतली आहे. थीम ‘व्हिंटेज’, पैसे बेताचे. आणि शब्दावरूनच जुंपली आहे. एकीला खरोखर जुन्या वस्तू हव्यात, दुसरीला जुन्यासारख्या दिसल्या तरी चालतात, तिसरी व्हिंटेज, अँटिक आणि रेट्रो एकाच दमात म्हणते. निमंत्रणात नेमकं काय लिहावं? आणि ‘शॉवर’ला मराठीत काय म्हणायचं?

शब्दवेल्हाळ
व्हिंटेज हा द्राक्षमळ्यातला शब्द. लॅटिन ‘विंडेमिया’, म्हणजे द्राक्षांची तोडणी. तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि अमुक सालच्या द्राक्षांची वाइन असा अर्थ त्याला चिकटला. म्हणजे त्यात मुळात वय नाही, साल आहे. मोटारवाले अजून तसाच वापरतात. ब्रिटनमधले जुन्या गाड्यांचे शौकीन १९३० च्या अखेरपर्यंत बनलेल्या गाडीलाच व्हिंटेज म्हणतात, पुढची कितीही देखणी असली तरी नाही.

अँटिकला मात्र वयाची अट आहे. अमेरिकी सीमाशुल्काच्या नियमांत ती १०० वर्षांची, आणि व्यापारीही साधारण तीच धरतात. व्हिंटेजला इतकी कडक अट नाही. एट्सी या ऑनलाइन बाजारात एखादी वस्तू व्हिंटेज म्हणून विकायची तर ती किमान २० वर्षं जुनी लागते. रेट्रोचा वस्तूच्या वयाशी संबंध नाही: वस्तू नवी, रूप जुनं.

त्यामुळे काटेकोर बोलायचं तर बेताच्या पैशात तुम्ही जे करणार आहात ते बहुतेक रेट्रो आहे. पण ‘व्हिंटेज थीम’ म्हटलं की जोर ‘थीम’वर जातो, आणि थीमला देखावा चालतो. तुमच्या दुसऱ्या मैत्रिणीचं बरोबर आहे.

काटकसरे
वर सालाचा मुद्दा आला, त्यात खर्चाची किल्ली आहे. नुसतं ‘व्हिंटेज’ लिहिलं तर कोणी व्हिक्टोरियन लेस आणेल, कोणी ठिपक्यांचा घेरदार झगा घालून येईल, आणि तुम्ही दोन्हींना शोभेल अशी सजावट विकत घेत बसाल. एक दशक ठरवा.

माझं मत १९२० च्या दशकाला. आर्ट डेको ही त्या काळची सजावटीची शैली भूमितीवर उभी आहे: पंख्याचे आकार, नागमोडी कोन, सूर्यकिरणांसारख्या रेषा, काळा आणि सोनेरी रंग. हे सगळं जाड कागद, पट्टी आणि सोनेरी पेन यांवर निभतं. व्हिक्टोरियन रूप कापड आणि लेस मागतं, तिथे पैसे जातात. १९५० चं दशकही स्वस्तात होतं, फिकट गुलाबी-हिरवा कागद आणि ठिपके पुरतात, पण फोटोत ते लहान मुलीच्या वाढदिवसासारखं दिसण्याची भीती असते.

फोटोंना सेपिया छटा द्यायची तर मूळ जुने फोटो भिंतीवर लावू नका, त्यांच्या प्रती काढा.

शब्दवेल्हाळ
सेपिया म्हणजे मूळ ग्रीकमध्ये एक समुद्री प्राणी, माकुळाच्या जातकुळीतला. त्याच्या शाईचा तपकिरी रंग. विषयांतर झालं, पण राहवलं नाही.

आता शॉवर. हा पावसाचाच शॉवर, भेटींचा वर्षाव या अर्थाने. प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत रुळली. भेटवस्तू कागदी छत्रीत भरायच्या आणि ती वधूच्या डोक्यावर उघडायची, अशी तिची एक जुनी रीत सांगतात. छत्रीत मावतील अशा, म्हणजे भेटी लहानच: हातरुमाल, स्वयंपाकघरातली किडुकमिडुक, लिहून आणलेल्या पाककृती. म्हणून ‘कमी खर्चातला शॉवर’ यात विसंगती अजिबात नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत याच कार्यक्रमाला ‘किचन टी’ म्हणतात. हेन पार्टी, म्हणजे लग्नाआधी वधूने मैत्रिणींबरोबर केलेली मौजमजा, वेगळी; तिचा भेटींशी संबंध नाही.

मराठीत ‘वधूवर्षाव’ केला तर वधूंचा पाऊस पडेल. ‘शॉवर’च राहू द्या.

उंबरठा
एक शिष्टाचार शब्दातूनच येतो. वर्षाव म्हणजे भेटी आल्याच, म्हणून वधूच्या आईने किंवा बहिणीने शॉवर ठेवू नये असा जुना संकेत होता. घरच्यांनीच भेटी मागितल्यासारखं दिसतं. आता फार कोणी पाळत नाही, पण तुम्ही मैत्रिणी आहात तर प्रश्नच नाही.

चौकस
आभार! दशक १९२० ठरलं. कपबश्या चार घरांतून गोळा करणार आहोत, एकही संच पुरा नाही. यादीत एकीने लिहिलंय, ‘बेजोड कपबश्या, उधार’.

शब्दवेल्हाळ
अरे देवा. बेजोड म्हणजे ज्याला तोड नाही ते. तुम्हाला ‘विजोड’ म्हणायचं आहे. एरवी तो शब्द नाराजीचा, पण व्हिंटेज टेबलावर विजोडपणा मुद्दाम आणतात. संच पुरा असला तर सगळं कालच दुकानातून आणल्यासारखं दिसतं.

आणि उधार दुकानातून आणतात, पैसे नंतर देण्याच्या बोलीवर. वधूजवळ एक जुनं, एक नवं, एक ‘बॉरोड’ आणि एक निळं असावं, या इंग्रजी यमकाच्या मराठीत तिसरी गोष्ट ‘उसनी’ होते. तेही पूर्ण जुळत नाही. उसनी साखर फेडताना तीच साखर परत जात नाही, बशी मात्र तीच जावी लागते. ‘मागून आणलेल्या’ लिहा.

काटकसरे
आणि तीच जावी म्हणून प्रत्येक बशीच्या तळाला कागदी टेप लावून घराचं नाव लिहा. चार घरांच्या पांढऱ्या बश्या धुतल्यावर सारख्याच दिसतात.

उंबरठा
निमंत्रणात ‘जुन्या वळणाचा कार्यक्रम’ लिहू नका, ते माणसांच्या विचारांबद्दल म्हणतात. ‘जुनाट’ तर नकोच. असं लिहा: ‘१९२० च्या दशकाच्या धाटणीचा ब्रायडल शॉवर. पोशाख ऐच्छिक. भेट लहान, छत्रीत मावेल एवढी.’

चौकस
उत्तम, हेच छापतो. चौथी मात्र अजून १९५० वर अडून बसली आहे. तिचं शीर्षकही तयार आहे: ‘पन्नाशीतला शॉवर’.

शब्दवेल्हाळ
वधूला आधी विचारा.