‘बॅडमिंटन मूळचे पुण्याचे’ या दाव्याविषयी

नौपाडेकर:
आमच्या संकुलाच्या बॅडमिंटन गटावर काल एक संदेश फिरला: ‘बॅडमिंटन हा अस्सल मराठी खेळ असून इंग्रजांनी तो पुण्यातून चोरला.’ त्याखाली अभिमानाच्या प्रतिक्रियांची रांग लागली, म्हणून हे सविस्तर लिहितो. पिसांचे फूल बॅटने हवेत टोलवत ठेवण्याचा खेळ इंग्लंडमधील मुले त्याआधी कित्येक पिढ्या खेळत होती. १८७०च्या सुमारास पुण्याच्या छावणीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याला नियमांत बसवले आणि त्याला ‘पूना’ म्हटले. आजचे नाव मात्र ग्लॉस्टरशायरमधील ड्यूक ऑफ ब्यूफर्ट यांच्या बॅडमिंटन हाऊसवरून आले. पुण्याचा वाटा आहेच, परंतु तो छावणीचा आहे, पेठांचा नव्हे.

ऐरोलीकर:
छावणी पुण्यातच होती ना? मग श्रेय देताना हात का आखडता घ्यावा? पोलोचे पाहा. मणिपुरी लोक घोड्यावरून सगोल कांगजेई खेळत होते, तेथील खेळ पाहून ब्रिटिशांनी १८५९ मध्ये सिलचरला क्लब काढला, आणि आज पोलो म्हटले की लोकांना इंग्लंड आठवते. असे घडलेले असताना आमचा संशय खोटा ठरवण्याची तुम्हाला एवढी घाई का?

कोपरीचा गडी:
बॅडमिंटनवर एवढी चर्चा आणि हुतूतूवर कोणीच बोलत नाही, याचा मला संताप येतो. कोपरीच्या लाल मातीत आम्ही एका दमात ‘हुतूतू’ म्हणत चढाई करायचो आणि दम सुटला की बाद व्हायचो. आता मॅट आणि ३० सेकंदांचे घड्याळ आले. अभिमन्यूचा चक्रव्यूह हेच या खेळाचे मूळ, हे माझ्या वडिलांनी मला मैदानावर सांगितले होते.

नौपाडेकर:
पोलोबाबत ऐरोलीकरांचे म्हणणे मान्य, पण त्याने बॅडमिंटन मराठी ठरत नाही. आणि गडीसाहेब, चक्रव्यूह ही युद्धरचना आहे. बंगालमध्ये हाडूडू, तमिळनाडूत सडुगुडू आणि आपल्याकडे हुतूतू अशी नावे असलेल्या खेळाचा एकच जनक कसा सापडेल? नियम कोणी बांधले ते सांगता येते, जसे खो-खोचे डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये बांधले. पहिला खो कोणी दिला, ते कोणालाच सांगता येणार नाही.

कोपरीचा गडी:
माझ्या वडिलांना खोटे पाडू नका! १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी बर्लिनला कबड्डी दाखवली, तेव्हा त्यांना कोणी पुरावे मागितले होते का?

नेरूळची प्रशिक्षिका:
कृपया आवाज चढवू नका. मी मुलींना मल्लखांब शिकवते. मागे एका पालकांनी मला विचारले की, ही युरोपीय जिम्नॅस्टिक्सची नक्कल आहे का. मला फार लागले. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवे आयुष्य दिले, असे मी त्यांना सांगितले आणि ते गप्प झाले. तेव्हा पुराणातली गोष्ट पुढे केली असती, तर मल्लखांबही त्यांना पुराणातलाच वाटला असता. नौपाडेकरांचा सूर मला आवडलेला नाही, मुद्दा मात्र पटतो.

कोपरीचा गडी:
ताई म्हणतात म्हणून चक्रव्यूह मागे घेतो. दम मागे घेणार नाही. बीजिंगला १९९० मध्ये आशियाई सुवर्ण मिळाले त्याआधी आमच्या मातीत काय चालत असे, ते आमच्याकडचे म्हातारे खेळाडू अजून सांगू शकतात. रविवारी त्यांच्याकडे बसून सगळे लिहून आणतो.