टमी टकची तारीख ठरली आणि हिमोग्लोबिन ९.१ आलं. रक्ताची पिशवी चढवून ऑपरेशन करावं का?

रानजाई

नमस्कार. वय ३९, वजन ६० किलो, दोन सिझेरियन. पोटाची कातडी सैल पडली आहे आणि मधले स्नायू फाकले आहेत. टमी टक (सैल कातडी काढून पोट आवळण्याचं ऑपरेशन) आणि कमरेच्या बाजूंचं लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) एकाच वेळी करायचं ठरलंय. मला हे मनापासून हवंय, तेव्हा 'कशाला करतेस' हे कृपया नको.

तारीख तीन आठवड्यांवर आहे. आधीच्या तपासण्यांत हे आलं: हिमोग्लोबिन ९.१, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ६८, आरबीसी (लाल पेशींची संख्या) ४२ लाख, प्लेटलेट ४ लाख ९० हजार. क्लिनिकमधून फोन आला की काळजी नको, आदल्या दिवशी दाखल व्हा, रक्ताची एक पिशवी चढवू आणि ठरल्याप्रमाणे करू. रजा मंजूर झाली आहे, मुलांना सांभाळायला आई येणार आहे, आगाऊ रक्कमही भरली आहे.

जिना चढताना धाप लागते, पण ते वजनामुळे असेल असं वाटायचं. पाळीत अंगावरून खूप जातं, गाठी पडतात; हे धाकटीच्या जन्मापासून असंच. एका पिशवीने काम भागतं का?

शांतरस

रानजाई, माझं ऑपरेशन याच कारणासाठी पुढे ढकललं होतं. बॅरिएट्रिक सर्जरीनंतर (वजन कमी करण्यासाठीचं पोटाचं बायपास ऑपरेशन) वजन उतरलं आणि लोंबणारी कातडी काढायची होती. सर्जननी रिपोर्ट पाहिला आणि स्पष्ट नाही म्हणाले. तेव्हा फार राग आला होता. नंतर तपासलं तर लोहासोबत बी-१२ देखील तळाला गेलेलं. बायपासनंतर दोन्हींचं शोषण कमी होतं, हे मला माहीत होतं, पण गोळ्या चालू आहेत म्हणजे पुरतंय असं मी धरून चालले होते. माझं मत विचाराल तर थांबा. बाकी जाणकार सांगतील.

निळावंती

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन चालू असताना रुग्णाच्या उशाशी बसून रक्तदाब आणि ऑक्सिजन बघणारी व्यक्ती मी असते, म्हणून सविस्तर लिहिते.

रानजाई, तारीख पुढे ढकला. आणि पिशवीला नाही म्हणा.

आधी आकडे बघू. ६० किलोच्या बाईच्या अंगात साधारण चार लिटर रक्त असतं. टमी टक आणि लायपो मिळून ६०० मिली गेलं असं धरू. एवढं जाईलच असं नाही, पण तयारी त्याची ठेवावी लागते. ९.१ वरून तुम्ही पावणेआठच्या आसपास याल. शिवाय लायपोसाठी टोचलेलं पाणी शरीरात शोषलं जातं आणि रक्त आणखी पातळ होतं. तेच १३ वरून सुरुवात केली तर ११ च्या वर राहाल. टमी टकनंतर कातडीखाली रक्त साठून रात्री पुन्हा टेबलावर घ्यावं लागणं हा माहीत असलेला धोका आहे. त्या वेळी अंगात शिल्लक काय आहे, याला फार महत्त्व येतं. या ऑपरेशननंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून अनेकदा रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शनही द्यावं लागतं. हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर ते देताना हात आखडतो, आणि न द्यावं तर गुठळीची भीती.

आता पिशवी. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढतं. म्हणजे तुम्ही १० वर याल, तरीही ॲनिमियातच. जागतिक आरोग्य संघटनेची गर्भवती नसलेल्या स्त्रीसाठीची रेषा १२ आहे. बदल्यात रिॲक्शन, फुप्फुसात पाणी भरणं, परक्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होणं हे सगळे धोके तुम्ही पत्करता. एकदा अशी प्रतिपिंडं तयार झाली की पुढे खरी गरज पडेल तेव्हा जुळणारं रक्त शोधताना अडचण येते. जीव वाचवायला रक्त द्यावं लागलं तर मी क्षणभरही थांबत नाही. पण पुढे ढकलता येईल अशा ऑपरेशनची तारीख वाचवायला ते देऊ नये, असं मला अगदी ठामपणे वाटतं.

२०११ साली 'लॅन्सेट'मध्ये मोठ्या शस्त्रक्रियांच्या २,२७,४२५ रुग्णांचा अभ्यास आला होता. त्यात सौम्य ॲनिमिया असलेल्यांतही पहिल्या ३० दिवसांतल्या गुंतागुंती आणि मृत्यू जास्त दिसले. तो कॉस्मेटिक शस्त्रक्रियांपुरता नव्हता, हे खरं. पण आजारामुळे ऑपरेशन टाळता येत नाही अशा माणसासाठी आम्ही जो धोका स्वीकारतो, तो धडधाकट बाईने का स्वीकारावा?

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: रक्त जातंय कुठे? एमसीव्ही ६८ म्हणजे पेशी लहान झाल्या आहेत. एमसीव्हीला आरबीसीच्या आकड्याने, म्हणजे ४.२ ने (४२ लाख म्हणजे ४.२ दशलक्ष) भागलं तर १६ येतात. १३ च्या वर असेल तर बहुधा लोहाची कमतरता, खाली असेल तर थॅलेसेमिया मायनरचा (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) संशय. प्लेटलेट वाढलेल्या असणंही लोहाच्या कमतरतेशी जुळतं. हा फक्त अंदाज. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (रक्तात वाहून नेलं जाणारं लोह) करून घ्या, सोबत बी-१२, थायरॉइड आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. फेरिटिन ३० च्या खाली आलं तर लोह कमी आहे हे नक्की. आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडून सोनोग्राफी करा. गाठी पडण्याइतकं जात असेल तर फायब्रॉइड (गर्भाशयातली कॅन्सर नसलेली गाठ) आहे का, गर्भाशयाचं अस्तर जाड झालंय का, हे बघायलाच हवं. मूळव्याध, काळी शौच, वरचेवर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांबद्दलही डॉक्टरांना सांगा. वाचणाऱ्यांपैकी कुणी पुरुष असेल किंवा कुणाची पाळी थांबलेली असेल आणि लोह कमी निघालं, तर पोट आणि आतड्याची दुर्बिणीने तपासणी टाळू नका. तिथला कॅन्सर कधीकधी याच एका रिपोर्टवरून सापडतो.

रानजाई

निळावंतीताई, आकड्यांत सांगितलंत म्हणून पटलं. क्लिनिकला आजच फोन करून तारीख रद्द केली. फेरिटिन ६ आलंय. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या आतल्या बाजूला झुकलेला फायब्रॉइड दिसतोय. डॉक्टरांनी पाळी आटोक्यात आणायला हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्यात. लोह गोळ्यांनी भरून काढू की शिरेतून घेऊ?

निळावंती

बरं झालं विचारलंत. आधी त्या हार्मोनच्या गोळ्या बघा. त्यांत इस्ट्रोजेन असेल तर गुठळीचा धोका वाढतो, आणि टमी टकमध्ये तो मुळातच असतो. मोठ्या ऑपरेशनच्या साधारण चार आठवडे आधी अशा गोळ्या बंद कराव्या लागतात. तुम्हाला ऑपरेशन करायचंय हे स्त्रीरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा. इस्ट्रोजेनशिवायचे मार्गही आहेत. फायब्रॉइड आतल्या बाजूला असेल तर दुर्बिणीतून काढता येतो का, हेही विचारा.

घाई नसेल तर गोळ्या पुरतात. रोज एकदा किंवा एक दिवसाआड. दिवसातून तीनदा घेतल्याने शोषण तेवढं वाढत नाही, पोट मात्र बिघडतं. चहा, दूध, कॅल्शियम आणि ॲसिडिटीच्या गोळीपासून लांब ठेवा. एवढं रक्त दर महिन्याला जात असेल किंवा गोळ्या सोसत नसतील, तर शिरेतून घेणं मला योग्य वाटतं. तुमच्या वजनाला एकूण हजार ते दीड हजार मिलिग्रॅम लोह लागेल. नेमका डोस डॉक्टर ठरवतील. ॲलर्जीची शक्यता असते, म्हणून देखरेखीखालीच घ्या. सलाईनच्या जागी आग झाली तर लगेच सांगा. लोह कातडीत झिरपलं तर तपकिरी डाग राहतो.

ओंजळ

मधेच विचारते. मला फक्त हनुवटीखालचं छोटं लायपो करायचंय, जागा बधिर करून. हिमोग्लोबिन ११ आहे. मीही थांबू का?

निळावंती

ओंजळ, तुमचं गणित निराळं आहे. ॲड्रेनलिनमिश्रित पाणी टोचून करायच्या पद्धतीत निघालेल्या द्रवात रक्त जेमतेम एक टक्का असतं, आणि हनुवटीखालून द्रवच थोडा निघतो. एवढ्यासाठी अडणार नाही. तरी ११ का आहे ते शोधा, आणि ॲस्पिरिन, फिश ऑइल किंवा लसणाच्या कॅप्सूल चालू असतील तर सर्जनला आधी सांगा.

रानजाई, नवी तारीख लगेच घेऊ नका. शिरेतून लोह घेतल्यावर तीन-चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन तपासा. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रात मोठ्या ऑपरेशनआधी स्त्री असो वा पुरुष, १३ चं लक्ष्य सुचवलं आहे. तुमच्यासाठी मीही तेच धरीन. फेरिटिन मात्र तेव्हा करू नका, नुकतंच लोह दिल्यामुळे ते फसवं जास्त येतं. दोन-तीन महिन्यांनी करा, आणि मधल्या पाळ्यांत किती जातंय ते लिहून ठेवा.