मॉनिटर स्पीकर की हाय-फाय? आधी बसणार कुठे ते सांगा
स्टुडिओतले मॉनिटर स्पीकर फक्त मिक्सिंगला (गाण्यातले वेगवेगळे आवाज जुळवायला), घरी ऐकायला रुक्ष, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. स्टुडिओंमध्ये गाजलेला यामाहाचा एनएस-१० स्पीकर मुळात १९७८ साली हाय-फाय, म्हणजे घरी गाणी ऐकायचा स्पीकर म्हणूनच आला होता! खरा प्रश्न अंतराचा. निअरफील्ड (जवळून ऐकायचे) मॉनिटर साधारण एक मीटरवरून, ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) कानाच्या रेषेत ठेवून ऐकायचे. टेबलाशी बसणार असाल तर बिनधास्त घ्या. बहुतेकांत अ‍ॅम्प्लिफायरही आतच असतो. फक्त रात्री गाणं थांबलं की ट्वीटरमधून बारीक 'स्स्स' येत राहतं, मला आठवडाभर छळलं त्याने. सोफ्यावर तीन मीटर लांब बसून चौघांनी ऐकायचं असेल तर मात्र हाय-फायच बरे. आणि स्पीकरच्या मागे पोर्ट (हवेचं भोक) असेल तर भिंतीला चिकटवू नका, बेस नुसता घुमतो.