कुत्र्याचं नाव लिहिलं, स्वतःचं का नाही?

खानापूरची सून
आपण डॉक्टरांच्या घरच्यांनी इथं एकमेकींना आपापली ओळख लिहून द्यायची ठरवली. दोन ओळी, घरच्यांचा एक फोटो, आणि घरात मुकं जनावर असेल तर त्याचंही नाव. मी सगळ्यांचं वाचून काढलं. बहुतेकींची पहिली ओळ एकच : "मी डॉ. अमुक यांची मिसेस." पुढं डॉक्टरांची डिग्री, ओपीडीची वेळ, मुलगा कुठं एमबीबीएसला आहे ते. मांजराचं नाव आहे, कुत्र्याचं आहे. स्वतःचं नाव लिहायचं मात्र निम्म्याजणी विसरल्या.

मला हे मनापासून खटकलं. मी 2003 ला कोल्हापूरहून लग्न होऊन इकडं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला आले. कन्नडचा गंध नव्हता. दवाखान्यात कंपाउंडर एकच, तोही आठवड्यातून दोन दिवस दांडी मारायचा. मग मीच "एल्लि नोवु?" (कुठं दुखतंय?) शिकले, "दिनक्के मूरु सल" (दिवसातून तीनदा) शिकले. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या गोळ्यांच्या पुडीवर सूर्य, ताट आणि चंद्र काढून द्यायला लागले. खानापूरचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, लाइट गेली की दोन दोन दिवस येत नाही. लशीचा फ्रिज 2 ते 8 अंशांतच राहायला हवा. रात्री तीनला उठून थर्मामीटर बघणारी आणि बर्फाच्या पिशव्या बदलणारी मी. केस पेपरांवर अक्षर माझं आहे, पण माझं नाव गावात चार जणांना विचारलं तर सांगता येणार नाही. बेळगावचं 2014 ला बेळगावी झालं तेव्हा आम्ही लेटरहेडपासून शिक्क्यापर्यंत सगळं बदलून आणलं. तेव्हाही माझं नाव कशावर घालावं असं कुणाच्या मनात आलं नाही, माझ्यासुद्धा.

म्हणून माझं मत : आधी आपलं नाव, मग आपलं काम, मग डॉक्टर, मुलं, कुत्रं. आणि हे उघड लिहायचं, लाजायचं नाही.

टिळकवाडीची
वैनी, तुमच्या कष्टाबद्दल दुमत नाही. खरं "डॉक्टरीणबाई" या हाकेत तुम्हाला कमीपणा का वाटतो? माझ्या सासूबाईंना सगळा शहापूर डॉक्टरीणबाईच म्हणायचा. बाळंतिणीला डिंकाचे लाडू त्यांच्याकडून जायचे, घरातलं भांडण मिटवायला लोक त्यांनाच बोलवायचे. पाटलीणबाई, मास्तरीणबाई म्हणतो तसंच हे. त्यात मानही आहे, जबाबदारीही आहे. रात्री दारात आलेल्या बाईला माझं नाव नको असतं, "डॉक्टरीणबाई, जरा उठवा की ओ त्यांना" एवढं म्हणता यावं लागतं. मी हे नाव तीस वर्षं आनंदानं वागवलंय, आणि पुढंही वागवीन.

खानापूरची सून
अक्का, हाक राहू दे, मीही तिला ओ देते. मी ओळख म्हणते. आमच्या गल्लीत एक डॉक्टर वारले. महिन्याभरात दवाखान्याची पाटी उतरली. बाईंनी आयुष्यभर औषधांचा हिशोब सांभाळला होता. बँकेत गेल्या तर कारकुनानं विचारलं, "तुम्ही कोण?" त्या म्हणाल्या, "डॉक्टरांच्या मिसेस." तो म्हणाला, "कुठल्या डॉक्टरांच्या?" मी शेजारीच उभी होते. त्यांच्या हातातलं पासबुक थरथरताना मी बघितलंय.

चिकोडीकर
मी वेगळ्याच कारणानं विरोध करते. नाव आधी की नंतर, हा वाद नंतर घाला. आधी हे उघड लिहायचंच का ते सांगा. चार वर्षांपूर्वी आमच्याकडं एक पेशंट दगावला. रात्री माणसं घरापर्यंत आली, खिडकीची काच फुटली, मुलगी आतल्या खोलीत पलंगाखाली बसून होती. तेव्हापासून मी घराचा एकही फोटो कुणाला पाठवत नाही. इथं आलेले फोटो नीट बघा. एकात मुलगा शाळेच्या गणवेशात, शाळेचं नाव वाचता येतंय. एकात मागं फाटक आणि पाटी. एकीनं लिहिलंय, "रोज सकाळी सहाला आम्ही दोघी रेसकोर्सकडं फिरायला जातो", दोघी म्हणजे ती आणि तिची लॅब्रेडोर. आणि कुत्र्याचं नाव हाच कितीजणींचा पासवर्ड असतो, विचार करा. पेशंटचा राग खराही असतो, त्यांचं माणूस गेलेलं असतं. पण त्या रागाला माझ्या पोरीचा पत्ता मी देणार नाही.

गोकाकहून, डॉक्टरचा नवरा
मी हायस्कूलला गणित शिकवतो, बायको स्त्रीरोगतज्ज्ञ. माझ्यासाठी मराठीत शब्दच नाही. लोक मलाच "नमस्कार डॉक्टर" म्हणतात. सांगितलं की डॉक्टर ती आहे, तर पुढचा प्रश्न, "मग तुम्ही काय करता?" हा प्रश्न मला विचारतात, तुम्हाला कुणी विचारत नाही. फरक तिथंच आहे. आनंदीबाई जोशी 1886 ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, गोपाळराव पोस्टात कारकून. आज त्यांना आनंदीबाईंचे पती म्हणूनच ओळखतात, त्यानं त्यांचं काही कमी झालं नाही. जोडीदाराच्या नावानं ओळख सांगण्यात गैर काही नाही, एवढंच मला म्हणायचंय.

खानापूरची सून
सर, त्याच आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना. आनंदी हे गोपाळरावांकडं आल्यावर ठेवलेलं. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाचं काम त्यांना मिळालं होतं, ते हाती घेण्याआधीच 1887 च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. एवढं शिकल्या, तरी जन्मनाव त्यांच्याजवळ राहिलं नाही. गोपाळरावांचं नाव कुणी बदललं नाही.

निपाणीकर
कुत्र्यांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. खानापूरच्या वैनींच्या फोटोत कारवानी (मुधोळ जातीचा) कुत्रा दवाखान्याच्या पायरीवर बसलाय. जात सुंदर, मुधोळचा मान आहे, टपाल खात्यानं 2005 ला त्याच्यावर तिकीट काढलं. पण पायरीवर नको. आमच्याकडं कुत्रं चावलेला एक शेतकरी तिसऱ्या दिवशीच्या डोससाठी आला. आमचा कुत्रा दारात बघितला आणि फाटकातूनच परत फिरला. दंडावरच्या पाच लशी 0, 3, 7, 14, 28 या दिवशीच व्हायला हव्यात. ह्यांनी गाडी काढली, बसस्टँडवरून त्याला परत आणलं. त्या दिवसापासून आमचा कुत्रा ओपीडीच्या वेळेत परसात असतो.

टिळकवाडीची
हे मात्र पटलं. आणि चिकोडीच्या बाईंचंही. मी माझ्या नातवाचा फोटो आत्ताच काढून टाकला. "डॉक्टरीणबाई" ही ओळख मात्र काढणार नाही.

खानापूरची सून
पायरीवरचा फोटो मीही काढते. चंद्याला उद्यापासून मागच्या अंगणात बांधेन, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मुलांची नावं, शाळाही काढते. चिकोडीच्या ताई, तुमच्या लेकीचं वाचून रात्री झोप लागली नाही. माझं नाव आणि खाली "दवाखान्याचं कामकाज, 2003 पासून" ही ओळ मात्र राहील. अक्का, तुम्हीही एकदा लिहून बघा. इतकी वर्षं तुम्हाला ओळखते, पण तुमचं नाव मला आजही माहीत नाही.