मदत हवी आहे: बीफ पारेस घरी करायचंय, मांस मऊ हवं पण धागे सुटलेलं नको

नमस्कार मंडळी,

आम्ही सध्या क्वेझोन सिटीत, म्हणजे मनिला महानगरात राहतो. पुढच्या महिन्यात आईबाबा वसईहून येतायत. बीफ आणि भात हा बाबांचा जीव की प्राण, पण गुडघ्यांमुळे पारेसच्या गाडीपुढच्या बुटक्या बाकड्यावर त्यांना बसता येणार नाही. म्हणून घरीच करायचं आहे आणि नीट करायचं आहे.

ज्यांनी खाल्लं नसेल त्यांच्यासाठी: सोया सॉस, साखर, आलं, लसूण आणि चक्रीफूल घालून शिजवलेलं बीफ, सोबत लसणाचा परतलेला भात, ज्याला इथे सिनांगाग म्हणतात, आणि त्याच मांसाचं पातळ गरम सूप, वर कांद्याची पात. टॅक्सीवाले, जीपनी म्हणजे इथल्या प्रवासी जीपा चालवणारे, रात्रपाळीचे कामगार सगळे हे खातात. स्वस्त आणि पोटभर.

अडचण मांसाची आहे. गाडीवर मिळतो तो तुकडा चमच्याने तुटतो, पण वाटीत अखंड असतो, आणि रस ओठांना किंचित चिकटतो. माझ्या कुकरमध्ये मांसाचे धागे होतात आणि तरीही मधले पांढरे चिवट पट्टे, ज्यांना इथे लितिद म्हणतात, दाताखाली रबरी लागतात. एकाच तुकड्यात दोन्ही! त्या पट्ट्यांतल्या कोलॅजेनचं, म्हणजे चिवट प्रथिनाचं, मऊ जिलेटिन व्हायला वेळ लागतो हे समजतं. मग लितिद वेगळं काढून आधी शिजवून घेता का? की कुकर सोडून जाड बुडाच्या पातेल्यात दोन-तीन तास मंद आच हाच मार्ग? मंडईत छातीचं मांस मिळतं आणि केंची, म्हणजे पायाच्या पोटरीचं, तेही मिळतं. माझा कल केंचीकडे आहे, पण छातीच्या मांसाला चरबी जास्त. तुम्ही कोणतं घ्याल?

दुसरा प्रश्न क्रमाचा. सूप आणि मांस एकाच पातेल्यातून काढायचंय. माझा बेत असा: आधी पाण्यात आलं, कांदा, मिरे घालून मांस अर्धवट शिजवायचं, पाणी गाळून सूपसाठी बाजूला ठेवायचं, मग थोड्या पाण्यात सोया सॉस, ब्राऊन शुगर आणि 1 किलोला 2 चक्रीफुलं घालून पुढे शिजवायचं. सोया सॉस सुरुवातीलाच घातला तर रस आटताना खारटपणा वाढतो, म्हणून उशिरा घालावासा वाटतो. पण मग चव आतपर्यंत उतरते का? कुणी करून पाहिलं असेल तर कृपया सांगा. चक्रीफूल शेवटपर्यंत ठेवायचं की मध्येच काढायचं, हेही. जास्त झालं की औषधासारखा वास येतो.

रस दाट करायला बरेच जण कॉर्नफ्लोअर लावतात. मला ते पटत नाही, लितिद नीट विरघळलं तर त्याची गरजच पडू नये. पण अनुभवी लोकांचं मत वेगळं असेल तर ऐकायची तयारी आहे.

भाताची चिंता नाही. आदल्या दिवशीचा गार भात मोकळा करायचा, गार तेलात लसूण घालून मंद आचेवर सोनेरी करायचा, अर्धा वर भुरभुरवायला काढून ठेवायचा. लसूण काळा पडला की सगळा भात कडू, एवढंच सांभाळायचं.

शेवटचं: आई हे परत गेल्यावर वसईत करणारच. तिथे म्हशीचं मांस मिळतं, त्याला चरबी कमी आणि धागा जाड. वेळ किती वाढवावा लागेल? कालामानसी या इथल्या छोट्या आंबट लिंबाऐवजी कागदी लिंबू चालेल असं मी तिला सांगितलंय, पण मांसाबद्दल खात्रीने सांगणारं कुणी असेल तर फार उपकार होतील.