मदत हवी आहे: माथेरानच्या वाफेच्या इंजिनाचं १:१९ मॉडेल, कपलिंग रॉड एकाच जागी अडकतोय

नॅरोगेजवाला:

लोकहो, लेथ, पितळ आणि छोटी इंजिनं यातलं कळणाऱ्यांनी जरा लक्ष घाला. बाकीच्यांनी थेट शेवटच्या परिच्छेदावर उडी मारली तरी चालेल, तिथे खरेदीचा प्रश्न आहे.

नेरळ-माथेरान लाइन १९०७ साली सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी जर्मनीच्या ऑरेनस्टाइन उंड कोपेल कंपनीची ०-६-० (म्हणजे तीन अॅक्सलवरची सहाही चाकं जोडलेली) टाकीवाली इंजिनं आणली होती. मध्य रेल्वेच्या काळात त्यांना ७३८ ते ७४१ हे नंबर होते. त्यातलं एक मी पितळेत बनवतोय. किट नाही. चाकांची ओतीव रिंगं तेवढी विकत घेतली, बाकी सगळं गॅलरीतल्या टेबलावर: सोनारी करवत, कानशी, छोटा लेथ आणि सोल्डर.

१:१९ च का, असं विचारणारच कोणीतरी. खरी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ६१० मिमी, १:१९ ला ती ३२ मिमी येते आणि त्या मापाचा रूळ तयार मिळतो. गेजमध्ये लबाडी करावी लागत नाही. आपल्या ब्रॉडगेजचं एचओ (१:८७) मॉडेल करणाऱ्यांना हे सुख नाही. १६७६ मिमीचे तिथे १९ मिमीच्या वर होतात आणि गाडी मात्र १६.५ च्या रुळावर चालवायची. अशी डब्ल्यूपी (ब्रॉडगेजचं वाफेचं इंजिन) समोरून बघितली की पाय जुळवून कवायतीला उभी राहिल्यासारखी दिसते.

तर सध्याची परिस्थिती. फ्रेम १.५ मिमी पितळेच्या, दोन्ही पट्ट्या एकत्र झाळून भोकं पाडली, मग गरम करून सुट्या केल्या. या इंजिनाची फ्रेम चाकांच्या बाहेर आहे, त्यामुळे अॅक्सलच्या टोकांना वेगळे क्रँक (पिन असलेले छोटे दांडे) बसवलेत आणि एका बाजूचे तिन्ही क्रँक जोडणारा कपलिंग रॉड त्यांच्या पिनांवर. रॉड नसताना चासी बोटाच्या धक्क्याने टेबलभर पळते. उजवा रॉड लावला, तरी छान. डावा लावला की प्रत्येक फेऱ्यात एकदा, एकाच जागी अडकते. डाव्या बाजूच्या पिना मागच्या टोकाला असतात तेव्हा. पुढच्या टोकाला काहीच त्रास नाही. भोकं कानसून मोठी करावीत असा सल्ला एका ओळखीच्या फिटरने दिलाय, पण मन घेत नाही.

दुसरा प्रश्न: खऱ्या इंजिनाला क्लीन-लिंडनर अॅक्सल (वळणावर चाकं तिरकी होऊ देणारे) होते. या मापात ते कोणी केलेत का? की वेडेपणा आहे?

तिसरा: पुण्यात अर्धा मिमी पितळी पत्रा सपाट कुठे मिळेल? गुंडाळीतला नको, तो सरळ करता करता जीव जातो.

लेथवाले_काका:

फिटरचं ऐकू नका. भोकं मोठी केलीत तर अडकणं जाईल, पण इंजिन लंगडत चालेल आणि वाफेवर चालवलंत तर खडखडून दोन महिन्यांत पिना झिजतील.

आधी रोग ओळखा. रॉडची लांबी आणि अॅक्सलमधलं अंतर जुळत नसेल तर रॉड टोकाला, म्हणजे पिना एकदम पुढे किंवा एकदम मागे असताना अडकतो. क्वार्टरिंग, म्हणजे डाव्या-उजव्या क्रँकमधला काटकोन, चुकलं असेल तर तिथे सुटतो आणि मधल्या तिरप्या जागी धरतो. आणि हो, दोन बाजूंमधला कोन बरोबर ९० च हवा असं नाही. ८९ असला तरी चालेल, पण तिन्ही अॅक्सलवर तेवढाच पाहिजे. लोक ९० च्या मागे लागतात आणि अॅक्सल एकमेकांशी जुळलेत का हे बघतच नाहीत.

तुमचं टोकालाच अडकतंय, म्हणजे क्वार्टरिंग नाही. पण नुसता रॉड लांब-आखूड असता तर दोन्ही टोकांना धरला असता. एकाच टोकाला धरतोय याचा अर्थ दोन गोष्टी एकत्र आहेत. एक प्रश्न: डाव्या रॉडची भोकं कशावरून पाडलीत?

नॅरोगेजवाला:

काका, उजवा रॉड फ्रेमवरून मारला. डाव्याच्या वेळी क्रँक बसवून झाले होते, म्हणून पिना पुढे करून त्यांच्यावरूनच खूण केली.

लेथवाले_काका:

सापडला. डावीकडचा एक क्रँक बाकीच्यांपेक्षा थोडा लांब आहे, बहुधा मागचा. पिना पुढे असताना तो फरक रॉडने लांबीत घेतला, म्हणून तिथे छान बसतो. पिना मागे गेल्या की तोच फरक उलटा होतो आणि रॉड दुपटीने चुकतो.

खात्री अशी करा. सगळे क्रँक काढा, पिना काढा, सहाही एकावर एक रचा. अॅक्सलच्या भोकातून त्याच मापाची सळई आरपार घाला. मग पिनच्या भोकातून दुसरी सळई घालून बघा. जिथे अडेल तो चोर.

पुढच्या वेळी फ्रेम केल्यात तसेच क्रँकही सहाच्या सहा पट्ट्या एकत्र झाळून दोन्ही भोकं एकदमच पाडा. रॉडची जोडीही तशीच, आणि मापं फ्रेमच्या भोकांवरूनच घ्या. क्रँकवरून कधीच नाही.

वाफाळ:

काकांना +१. क्लीन-लिंडनरबद्दल थोडं.

वेडेपणा आहे, पण सुंदर आहे. खऱ्यात असं असतं: चाकं एका पोकळ अॅक्सलवर. त्याच्या आत भरीव अॅक्सल, तो फ्रेममध्ये सरळच राहतो आणि क्रँक त्याच्या टोकांना. मधोमध गोळ्याचा सांधा आणि पिन, त्यातून फिरण्याची ताकद पोकळ अॅक्सलकडे जाते. त्यामुळे वळणावर चाकं तिरकी होतात, पण रॉडला त्याची खबरही नसते. २० फुटांना १ फूट अशी चढण आणि त्यात ती वळणं, म्हणून हा खटाटोप.

तुमच्या मापात गोळा लेथवर निघेल. आतल्या अॅक्सलमधून पिन आडवी घालायची आणि बाहेरच्या नळीत लांबट खाच ठेवायची, म्हणजे नळी डुलते पण फिरताना मागे राहत नाही. त्रास होतो तो नळीच्या जाडीचा. नळी आत पुरेशी मोकळी ठेवली नाही तर डुलायला जागाच उरत नाही, आणि फार मोकळी केली तर चाकाचं बूड पातळ होतं.

पण घरचं वळण एक मीटर त्रिज्येचं असेल तर गरज नाही. मधल्या अॅक्सलला दोन्हीकडे मिलीमीटरभर आडवी ढील द्या, गाडी वळेल. पहिलं इंजिन असेल तर मी तेच करेन. पट्टीचे लोक बाहेरून बघूनही ओळखणार नाहीत, कारण सगळं फ्रेमच्या आत.

तांब्याभांडं:

पत्र्यासाठी कसबा पेठेत तांबट आळीत चक्कर मारा. सगळ्यांकडे नसेल, पण कोणाकडे सपाट मिळतो हे तिथेच कळेल. मुंबईला येणं होत असेल तर नागदेवी स्ट्रीट. कापून मागा आणि दुकानातच काचेवर ठेवून बघा, कोपरे उचललेले असतील तर घेऊ नका.

अवांतर: वाफेवर करणार की मोटरवर? बॉयलर करणार असाल तर तांब्याचा आणि सिल्व्हर सोल्डरचाच. साधं सोल्डर पाणी आटल्यावर वितळतं. पहिल्यांदा आग लावायच्या आधी पाणी भरून, हवा पूर्ण काढून, चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाबावर तपासा. पाण्याने फुटला तर नुसतं ओलं होतं.

नॅरोगेजवाला:

सगळ्यांचे आभार. रचून बघितलं. डावा मागचाच. व्हर्नियरवर ०.१५ मिमी जास्त. बाकीचे पाच सळईवर लोण्यासारखे सरकले.

मोटर नको, वाफच. पण आधी चासी हवेच्या दाबावर चालवेन, बॉयलर नंतर.

आता तो एक क्रँक नवा करू की सहाही? आणि डावा रॉड वाचेल का?

लेथवाले_काका:

क्रँक एकच करा. उरलेल्या पाचांतला एक त्याच्यावर धरून दोन्ही भोकं त्यातून मारा, म्हणजे माप आपोआप येईल. डावा रॉड जाऊ द्या. उजवा जिग म्हणून, म्हणजे भोकांचा साचा म्हणून, वापरा, नवी पट्टी त्याच्याखाली झाळा आणि मारा. अर्ध्या तासाचं काम आहे, जुना वाचवायला जाल तर दोन संध्याकाळी जातील.

आणि आधी एक करा: पुढचा अॅक्सल रॉडमधून सोडा, मधला आणि मागचा एवढीच जोडी फिरवा. ती मोकळी फिरली की मगच पुढचा जोडा.

वाफाळ:

फोटो टाका हो कोणीतरी. क्रँकचा नको, रिबिटांचा. टाकीवरची रिबिटं कशी काढताय?

नॅरोगेजवाला:

अर्धा मिमी पत्रा मागून ठोकून. जुन्या ग्रामोफोनच्या सुईचं टोक गोल करून पंच केलाय, खाली शिशाची लादी. अंतरासाठी लेथचं क्रॉस स्लाइड वापरतो, एक रिबिट की एक फेरा. फोटो रविवारी टाकतो, दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली पितळ नीट दिसत नाही.